आमदारांच्या प्रश्नाने काय साधते?

प्रश्न : आमच्या ग्रामीण रुग्णालयाची इमारत उभी आहे, पण डॉक्टर नाहीत. आमदारांनी विधानसभेत प्रश्न विचारला, तेव्हा ‘हे अंशतः खरे आहे’ एवढेच उत्तर आले. मग उपयोग काय?

उत्तर : ‘हे खरे आहे काय; असल्यास कोणती कार्यवाही केली’ या ठरावीक साच्यातल्या प्रश्नाला तसेच साचेबंद उत्तर मिळते, हे मान्य. तरीही तुमच्या आमदारांचा प्रश्न तारांकित होता का, हे आधी पाहावे. कारण तारांकित प्रश्न सभागृहात पुकारला गेला, तर मंत्र्यांना तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न विचारून मंजूर पदे किती, भरलेली किती, हे वदवून घेता येते. अतारांकित प्रश्नाची बोळवण लेखी उत्तरावर होते. खर्चाचा जाब विचारायचा, तर अर्थसंकल्पातील आरोग्य विभागाच्या मागण्यांवर कपात सूचना, म्हणजे मागितलेली रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव, देता येते. पैसा खर्च झाल्यावर सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळात येतो आणि आमदारांची लोकलेखा समिती त्यावर सचिवांची साक्ष घेते. हे काम संथ चालते, पण अधिकारी खरे धास्तावतात ते तिथेच. तूर्त ‘अंशतः’ म्हणजे नेमकी किती पदे रिक्त, हे माहिती अधिकारात विचारून ते उत्तर पुढील अधिवेशनापूर्वी आमदारांच्या हाती द्यावे.