चढली आहे की आणखी काही?

प्रश्न : आमचे मेहुणे ३० मिलीचे चार पेग लागोपाठ घेऊनही सरळ चालतात, मुद्देसूद बोलतात. म्हणजे त्यांना चढतच नाही का?

उत्तर : चढते, दिसत नाही इतकंच. ४० टक्के मद्याच्या ३० मिलीत साडेनऊ ग्रॅम अल्कोहोल असतं. चार पेगांनी ७० किलोच्या पुरुषाच्या १०० मिली रक्तात ते ७०-८० मिलीग्रॅमपर्यंत जातं. तेवढ्याच वजनाच्या बाईच्या शरीरात पाण्याचा अंश कमी, म्हणून तिच्या रक्तात त्याहून जास्त. सराईताचा मेंदू चालणं-बोलणं सांभाळून घेतो. अंतराचा अंदाज आणि ब्रेक मारायला लागणारा वेळ मात्र बिघडलेलाच असतो. आपल्याला चढत नाही अशी खात्री असलेल्या माणसाशेजारी गाडीत न बसलेलं बरं.

प्रश्न : कॉफी, लिंबू, थंड पाण्याची आंघोळ, यांतल्या कशाने लवकर उतरते?

उत्तर : कशानेही नाही. यकृत तासाला साधारण १५ मिलीग्रॅमच्या गतीने रक्त साफ करतं. वरच्या हिशेबाने पाच तास. कॉफीने फक्त झोप उडते. आधी जेवलं तर दारू सावकाश भिनते. नंतरच्या जेवणाने रक्तातली कमी होत नाही.

प्रश्न : मधुमेही वडील भर दुपारी घामाघूम होऊन असंबद्ध बोलू लागले. ते दारूला शिवतही नाहीत, तरी लोकांना ते प्यायलेत असं वाटलं. असं होतं का?

उत्तर : होतं, आणि तिथे मिनिटांचा प्रश्न असतो. साखर ७० च्या खाली गेली की हेच चित्र दिसतं. गिळता येत असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, कमीच असेल तर तेवढीच पुन्हा द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठा. चेहऱ्याची एक बाजू ओघळली किंवा एक हात उचलेना, तर पक्षाघात समजून तसंच निघा. बंद खोलीतल्या शेगडीचा कार्बन मोनॉक्साइड, डोक्याला लागलेला मार, थोड्या वेळात प्यालेलं अनेक लिटर पाणी (रक्तातलं सोडियम घसरतं) यांनीही माणूस झिंगल्यासारखा वागतो.

सगळ्यात फसवा प्रकार उपाशीपोटी पिणाऱ्याचा. दारूमुळे यकृताचं साखर बनवणं मंदावतं, पण तोंडाला वास असल्याने साखर तपासायचं कुणाला सुचत नाही. हलवूनही जाग येत नसेल किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर पडत असेल तर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणू नका. उलटी घशात अडकू नये म्हणून कुशीवर वळवा आणि रुग्णवाहिका बोलवा.