मागचे ड्रम काढून डिस्क बसवू का? वाचकांचे प्रश्न, गॅरेजमधली उत्तरं

प्रश्न : काका नमस्कार. माझी २०१२ ची स्विफ्ट आहे, पेट्रोल, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, ४ वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. महिन्यातून २-३ वेळा आंबोली घाट होतो. मागच्या महिन्यात ५ माणसं आणि सामान घेऊन खाली उतरताना शेवटच्या वळणांवर ब्रेक पेडल एकदम मऊ पडलं, जवळजवळ तळाला गेलं, कशीबशी थांबवली. १५-२० मिनिटं उभी केली तर परत नीट. मित्राने भंगारातून मोठ्या गाडीच्या मागच्या डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकड्या), कॅलिपर (त्यांना दोन्हीकडून पॅड दाबणारा भाग) असा सेट आणलाय, वेल्डिंगवाला ब्रॅकेट करून देतो म्हणतोय. घरच्या अंगणात आम्ही दोघं बसवू शकतो का? (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : दादा, आधी एक काम करा, तो सेट बाजूला ठेवा आणि तुम्हीच लिहिलेली लक्षणं परत वाचा. पेडल मऊ पडलं, तळाला गेलं, आणि थंड झाल्यावर आपोआप नीट झालं. हे ब्रेक ऑईल उकळल्याचं लक्षण आहे, ड्रमचा (चाकाबरोबर फिरणारा डबा, त्याला आतून शू दाबून थांबवतात) यात दोष नाही. लायनर (शूवरचा घासणारा थर) किंवा पॅड तापून पकड सुटली असती तर पेडल कडक लागलं असतं, पाय दाबून धरला तरी गाडी थांबत नाही असं झालं असतं. तुमच्याकडे उलट झालंय. ऑईल उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते, ऑईल दाबलं जात नाही, म्हणून तुमचा पाय त्या वाफेलाच दाबत राहतो.

आता विचारतो, गाडी घेतल्यापासून ब्रेक ऑईल बदललंय का? पत्रात कुठेच उल्लेख नाही म्हणून वाटतं नसेल बदललं. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. नवीन डॉट ४ (डब्यावर लिहिलेला दर्जा) ऑईल किमान २३० अंशाला उकळतं, पण पाणी मुरलं की तोच आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो, डॉट ३ असेल तर २०५ वरून १४०. घाटात कॅलिपरजवळ एवढी उष्णता सहज तयार होते. हिशोब बघा, भरलेली गाडी १२०० किलो धरली आणि ५०० मीटर उंची उतरली तर जेवढी ऊर्जा जिरवायची असते ती ८० च्या स्पीडवरून लागोपाठ २० वेळा कचकन थांबण्याएवढी होते. गाडी न्यूट्रलमध्ये किंवा चौथ्या गिअरमध्ये सोडून नुसत्या ब्रेकवर उतरवली तर हे सगळं ब्रेकवर येतं. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, जिथे दुसऱ्यातही पळते तिथे पहिला टाका, त्यातला मोठा वाटा इंजिन घेईल. पाय ब्रेकवर अलगद टेकवून ठेवायची सवय असेल तर ती मोडा, थोडं जोरात दाबून स्पीड कमी करायचा आणि पाय पूर्ण काढायचा, म्हणजे मधे वारा लागून ब्रेक थंड होतात.

आणि महत्त्वाचं, जोरात ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे ढकललं जातं, अशा छोट्या गाडीत साधारण ७० टक्के काम पुढच्या डिस्कच करतात. म्हणजे तुमचं ऑईल बहुतेक पुढेच उकळलं असणार. मागे डिस्क बसवून पुढचं उकळणं कसं थांबेल?

तरीही डिस्क का नको हे नीट सांगतो, कारण असे सेट खूप जण बसवतात आणि मला ते बघून खरोखर भीती वाटते. ड्रममध्ये एक शू असा असतो की फिरणारा ड्रम त्याला आपल्याबरोबर ओढतो आणि तो स्वतःच आणखी घट्ट आवळला जातो, त्यामुळे कमी प्रेशरवर चांगली पकड मिळते. डिस्कमध्ये ही फुकटची मदत नाही, म्हणून कॅलिपरचा पिस्टन मोठा लागतो, मोठ्या पिस्टनला ऑईल जास्त लागतं, आणि तुमचा मास्टर सिलेंडर (पेडल दाबल्यावर ऑईल ढकलणारा) आहे तोच, तेव्हा पेडल आणखी खोल जाणार. मग मागे प्रेशर किती जायचं हे ठरवणारा व्हॉल्व्ह ड्रमच्या हिशोबाने बसवलेला आहे. मागची डिस्क त्या हिशोबात जास्त जोरात लागली तर पुढच्याआधी मागची चाकं जाम होतील, आणि मागची चाकं आधी जाम झाली की गाडी सरळ राहत नाही, शेपूट फिरवते. एबीएस नाही म्हणजे सावरायला कोणी नाही. माझ्याकडे अशीच घरी बदललेली एक गाडी आली होती, कोरड्या रस्त्यावर मालक खूश होता, पहिल्या पावसात वळणावर अर्धी फिरून कठड्याला लागली. माणसं वाचली म्हणून हे सांगता येतंय.

शिवाय हॅन्डब्रेक. भंगारातल्या त्या कॅलिपरला हॅन्डब्रेकची केबल लागणारा लिव्हर आहे का ते बघितलंत का? नसेल तर हॅन्डब्रेकच गेला, आणि घाटात तोच शेवटचा आधार. बऱ्याच मारुतींत ड्रम, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि बेअरिंग एकच तुकडा असतो, म्हणजे ड्रम काढला की हबही गेलं, दुसऱ्या गाडीचं हब तुमच्या स्टबला (हब ज्यावर फिरतं त्या दांड्याला) बसवायला लेथवर काम, वर हाताने वेल्ड केलेला ब्रॅकेट, ज्यावर पूर्ण ब्रेकचा झटका येणार. कंपनीलाही मागे डिस्क द्यायच्या असतात तेव्हा ती नुसती डिस्क लावत नाही. मारुतीने २०१७ ला बलेनो आरएस काढली तिला चारही डिस्क होत्या, पण ती गाडी तशी ठरवून, तपासून काढलेली होती. कायद्याचंही बघा, मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या फेरफाराबद्दल आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कडक शब्दांत उचलून धरलंय. उद्या अपघात झाला आणि सर्व्हेयरने मागे दुसऱ्याच गाडीचे ब्रेक बघितले तर क्लेमचं काय होईल, ते आधी इन्शुरन्सवाल्यांकडून लेखी घ्या.

आता घरी काय करायचं ते. तुम्हा दोघांना हाताने काम करायची हौस आहे ना, मग आहे तोच ब्रेक नवा करा, एक रविवार पुरे. सपाट जागा, पुढच्या चाकांना दगड किंवा ठोकळे, जॅकवर भरवसा नाही, खाली स्टँड हवाच. हॅन्डब्रेक सोडल्याशिवाय ड्रम निघणार नाही. मधला मोठा नट काढावा लागला तर तो परत टॉर्क पान्यानेच मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा आणि नवीन नट वापरा. ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकू नका, हवाही मारू नका, ती छातीत जायची वस्तू नाही, ब्रेक क्लीनर किंवा ओल्या फडक्याने पुसा. स्प्रिंगा काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा आणि एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे अडलं तर दुसरी बाजू बघून लावता येते. व्हील सिलेंडरचं (ड्रमच्या आत शू ढकलणाऱ्या भागाचं) रबर थोडं उचलून बघा, आत ओलं असेल तर सिलेंडर बदला, आणि लायनरला ऑईल लागलं असेल तर ते धुऊन वापरायचं नाही, दोन्ही बाजूंचे शू नवे. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, त्याच्या पुढे झिजला असेल तर लेथवाल्याकडे नेऊ नका, नवीन घ्या. ऑटो अडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर आपोआप कमी ठेवणारा भाग) गंजून बसलेला असतो तो साफ करा, डावा-उजवा अदलाबदल करू नका, आटे उलटे असतात. पेडलचा खेळ जास्त असल्याची निम्मी तक्रार ह्या अडजस्टरमुळेच असते असं माझं आतापर्यंतचं निरीक्षण आहे.

मग पुढची पॅड आणि कॅलिपरच्या पिना बघा, पिन जाम असेल तर एकच पॅड झिजतं. आणि शेवटी पूर्ण ऑईल नवं, सील डब्यातलं. एकाने पेडल हळू दाबायचं, दुसऱ्याने निपल उघडून हवा काढायची, पारदर्शक नळी बाटलीत बुडवून, वरची टाकी मधे रिकामी होऊ द्यायची नाही नाहीतर सगळं पहिल्यापासून. चाकांचा क्रम मॅन्युअलमध्ये असेल तोच. ऑईल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं. पुढे दर २ वर्षांनी बदला. एवढं करून, आधी मोकळ्या रस्त्यावर हळू तपासून मग आंबोली उतरा आणि मला कळवा.

प्रश्न : मी मिशिगनमध्ये असतो, १९९८ ची जीप चेरोकी आहे, मागे ड्रम, ॲक्सल (चाकं जोडणारा आडवा दांडा) डाना ३५ मॉडेलचा. इकडे बरेच जण ग्रँड चेरोकीच्या मागच्या डिस्क काढून बसवतात. तुम्ही नेहमी विरोध करता, मग हेही चूक का?

उत्तर : नाही, इथे मी विरोध करणार नाही, कारण तुमचा प्रकार वेगळा आहे. पहिल्या पिढीच्या ग्रँड चेरोकीचा मागचा सेट ह्या ॲक्सलच्या टोकाला बसतो, वेल्डिंग नाही, आणि तिच्या डिस्कच्या मधल्या टोपीसारख्या भागात छोटे शू असतात तो हॅन्डब्रेक, म्हणजे हॅन्डब्रेक जात नाही. घ्यायचं तर एकाच गाडीचं सगळं घ्या, बॅकिंग प्लेट, कॅलिपर, होज, केबल, आणि लोक जे विसरतात ते म्हणजे प्रोपोर्शनिंग व्हॉल्व्हचा (मागे प्रेशर किती जायचं ते ठरवणाऱ्या व्हॉल्व्हचा) आतला भाग. तो न बदलता नुसत्या डिस्क लावल्या तर प्रेशर ड्रमच्याच हिशोबाने जात राहतं.

कामाचा अंदाज द्यायचा तर ड्रमपेक्षा ॲक्सल उघडण्यातच वेळ जातो. डिफरेन्शियलचं झाकण काढून क्रॉस पिन आणि सी-क्लिप (शाफ्ट आत अडकवून ठेवणारी) काढल्याशिवाय शाफ्ट बाहेर येत नाही, गिअर ऑईल सांडतं, तेव्हा सील आणि ऑईल नवं धरूनच चाला. तिकडे रस्त्यावर मीठ टाकतात, ब्रेकचे लोखंडी पाइप गंजलेले असणार, नट फिरवताना पाइपच पिळून तुटतो, नवे पाइप आधीच आणून ठेवा. झाल्यावर पॅड बसवून घ्या, ताशी ५० किमीवरून १० पर्यंत मध्यम जोराने ८-१० वेळा, पूर्ण न थांबता, मधे वारा लागू देत. मग रिकाम्या ओल्या पार्किंगमध्ये जोरात ब्रेक मारून बघा, एबीएस नसेल तर पुढची चाकं आधी जाम व्हायला पाहिजेत. मागची आधी झाली तर गाडी रस्त्यावर आणू नका.

प्रश्न : आम्ही टियागो ईव्ही घेतली. एवढी नवीन गाडी आणि मागे ड्रम! आम्हाला फसवलं का? (पुण्याच्या एक ताई)

उत्तर : ताई, अजिबात नाही. इलेक्ट्रिक गाडीत पाय काढला की मोटरच गाडीचा वेग कमी करते, मागचे ब्रेक फार कमी वापरले जातात, आणि उघड्या डिस्क न वापरल्या की गंजतात. ड्रम बंद असतो, पाणी-माती आत कमी जाते. फोक्सवॅगननेही आयडी ३ आणि आयडी ४ ला मागे ड्रमच दिले. जुनी गोष्ट बघायची तर १९५३ ला जॅग्वारने ल मानची शर्यत डिस्क ब्रेकच्या जोरावर जिंकली, सगळीकडे बोलबाला झाला, तरी २ वर्षांनी आलेल्या सिट्रोएन डीएसला डिस्क फक्त पुढे होत्या, मागे ड्रमच. तुम्ही फक्त वर्षातून एकदा ड्रम उघडून साफ करून घ्या, ब्रेक वापरला जात नाही म्हणून तिकडे बघायचंच नाही असं करू नका.

प्रश्न : पावसात गाडी धुऊन हॅन्डब्रेक ओढून ठेवली, ४ दिवसांनी मागचं चाक हलेना. (नाशिक)

उत्तर : लायनर ओला असताना ड्रमला चिकटला, गंज धरला. रेस देऊन ओढू नका, लायनर उखडतो. हॅन्डब्रेक सोडून हळू पुढे-मागे करा, नाही सुटला तर चाक काढून ड्रमवर चहूबाजूंनी लाकडी हातोडीने ठोका. पुढच्या वेळी धुतल्यावर एक चक्कर मारून, ब्रेक दाबत दाबत सुकवून मग लावा, आणि जास्त दिवस ठेवायची असेल तर हॅन्डब्रेक न ओढता पहिल्या गिअरमध्ये, चाकाला ठोकळा लावून.