आईला सांगायचं की नाही?

कॅन्सर आणि मन या विषयावर कोल्हापूर शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : आई ६४ वर्षांची आहे. तिला तीस वर्षं मशेरीची सवय. गालाच्या आतून कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, आता लाईट (रेडिएशन) सुरू आहे. आम्ही भावंडांनी तिला 'गाठ होती, काढली' एवढंच सांगितलंय. हल्ली ती कुणाशी बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असते. मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायचं म्हटलं तर त्या सगळं सांगून टाकतील, अशी भीती वाटते. (कागल)

ती भीती आधी मनातून काढा. कॅन्सरच्या पेशंटबरोबर काम करणाऱ्या थेरपिस्ट, म्हणजे बोलण्यातून मनावर उपचार करणाऱ्या तज्ज्ञ, पहिल्या भेटीत रोगाचं नाव तोंडावर फेकत नाहीत. निदान सांगणं हे ऑन्कॉलॉजिस्टचं, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांचं काम. आईला किती कळलंय आणि तिला किती कळून घ्यायचंय, हे शोधणं थेरपिस्टचं.

पण त्याआधी एक गोष्ट तपासा. तोंडाला लाईट सुरू झाली की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलवटतं. थुंकी गिळतानाही आग होते. आई बोलत नाही ती दुःखानं की दुखण्यानं? रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारून वेदनेचं औषध नीट सुरू करा. वेदना आटोक्यात नसताना मनावरचे उपचार करून फारसं हाती लागत नाही.

थेरपिस्टची पहिली बैठक बहुधा तुम्हा भावंडांबरोबरच होईल. 'का लपवलंत?' असा जाब तिथं कुणी विचारत नाही. 'कळलं तर काय होईल असं वाटतं?' हे विचारतात आणि मग 'लपवायला काय काय करावं लागतं?' हेही. दुसऱ्या प्रश्नाची यादी लांबत जाते. फाईल कपाटावर ठेवायची, फोन आला की अंगणात जायचं, पाहुण्यांना दारातच गाठून पढवायचं. आई हे सगळं बघत असते. शिवाय आठवड्याचे पाच दिवस, साधारण सहा आठवडे ती लाईटच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसते. शेजारच्या बायका तिथं आपापल्या दुखण्याबद्दलच बोलत असतात.

मग तुमच्या संमतीनं थेरपिस्ट आईशी एकटीशी बोलतात. 'या दुखण्याबद्दल तुम्हाला काय वाटतंय?' एवढंच विचारतात आणि गप्प राहतात. हे गप्प राहणं फार महत्त्वाचं. घरच्यांना पाच सेकंदंही धीर निघत नाही, लगेच 'काही नाही गं, होशील बरी' निघून जातं. पंधरा-वीस सेकंदं थांबलं की बहुतेकदा या धर्तीचं उत्तर येतं : 'पोरं काय सांगत न्हाईत, पर साध्या गाठीला कोण रोज गाडी करून न्हेत न्हाई.' म्हणजे आईला कळलेलं असतं. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून तीही लपवत असते.

पुढचा प्रश्न : 'सगळं जाणून घ्यायचंय, की मुलांनीच बघावं असं वाटतं?' काही जणी 'पोरं बघतील' म्हणतात. तोही त्यांचा हक्क, तिथंच थांबायचं. जाणून घ्यायचं असेल, तर डॉक्टर, आई आणि भावंडांपैकी एक, एवढेच बसा. वेळ सकाळची धरा, म्हणजे रात्र एकटीनं काढावी लागण्याआधी प्रश्न विचारायला दिवस हाताशी राहतो. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. तिनं विचारल्याशिवाय टक्केवारी नको. पुढचा उपचार काय, हे मात्र त्याच बैठकीत सांगायचं. व्हरांड्यात उभ्या-उभ्या किंवा दहा नातेवाइकांसमोर सांगितलं की बिघडतं.

मशेरीबद्दल : ती बंद व्हायलाच हवी, कारण तंबाखू चालू राहिली तर लाईटचा गुण कमी येतो आणि जखमा भरायला वेळ लागतो. पण ते डॉक्टरांना सांगू द्या. घरात 'तुझ्यामुळंच झालं' हे वाक्य एकदाही निघू नये. अपराधीपणानं खचलेला माणूस उपचार अर्धवट सोडतो.

प्रश्न : नवऱ्याचे तीन केमो झाले. आता कोल्हापूरला येताना तावडे हॉटेलच्या चौकात गाडी आली की, सुई टोचायच्या आधीच उलटी होते. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. (गडहिंग्लज)

हे ढोंग नाही, शरीरानं घेतलेली शिकवण आहे. आधीच्या केमोनंतरच्या मळमळीशी रस्ता, स्पिरिटचा वास, वॉर्डाचा रंग जोडला गेला. आता नुसता रस्ता पुरतो. अशी सवय एकदा बसली की नेहमीच्या उलटीच्या गोळ्या कमी पडतात. म्हणून केमोनंतर किती उलट्या झाल्या ते ऑन्कॉलॉजिस्टना आकड्यांत सांगा, आदल्या रात्रीचं औषध लागेल का ते तेच ठरवतील.

थेरपिस्ट शिकवतात ती स्नायू सैल करण्याची पद्धत. आडवं पडून मुठी पाच सेकंद आवळा, मग वीस-तीस सेकंद सोडा. आवळलेलं आणि सुटलेलं यातला फरक नीट जाणवू द्या. मग याच क्रमानं दंड, खांदे, कपाळ, जबडा, पोट, मांड्या, पावलं. एकूण पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून दोनदा. सलाईनचा हात आणि हाडात दुखत असलेला भाग वगळा. सगळ्यात जास्त चूक होते ती ही की, माणूस हे पहिल्यांदा केमोच्या खुर्चीतच करून बघतो. तिथं ते जमत नाही. निदान आठवडाभर आधी घरी मुरवायला हवं.

आणि हो, केमोच्या दिवशी प्रेमानं मटण आणि पांढरा रस्सा करू नका. मळमळ त्या चवीला चिकटते आणि आवडीचं ताट पुढं कित्येक महिने नकोसं होतं. साधा भात द्या. केमोच्या थोडं आधी एरवी कधी न खाल्लेली, कडक चवीची एखादी साधी गोळी (औषधाची नव्हे) चघळायला देतात. नावड तिच्यावर जाते आणि जेवण वाचतं.

प्रश्न : मन खंबीर ठेवलं तर कॅन्सर बरा होतो ना? मला रडू येतं, म्हणजे मी हरतेय का? (राजारामपुरी)

नाही. रडल्यानं गाठ वाढत नाही. अमेरिकेत डेव्हिड स्पीगल यांच्या १९८९ च्या अभ्यासात गटोपचार (गटात बसून बोलण्याचे उपचार) घेणाऱ्या, स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या स्त्रिया जास्त जगल्याचं दिसलं होतं. २००१ मध्ये २३५ स्त्रियांवर झालेल्या मोठ्या चाचणीत आयुष्य वाढलेलं आढळलं नाही, पण मनाचा त्रास आणि वेदनेची जाणीव कमी झाली. मनावरचे उपचार यासाठीच घ्यायचे. कॅन्सरच्या पेशंटच्या मनाकडे बघणाऱ्या शाखेचा पाया घालणाऱ्या डॉ. जिमी हॉलंड 'पॉझिटिव्ह राहा' या आग्रहाला जुलूमच म्हणत. तुम्ही रडा, शक्यतो कुणाजवळ तरी.

प्रश्न : नेमकं कुणाकडे जायचं? किती वेळा? (इचलकरंजी)

औषध लिहून देतात ते सायकियाट्रिस्ट, म्हणजे एम.डी. झालेले डॉक्टर. बोलण्यातून उपचार करतात ते क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी विचारा, त्यात संकोच नको. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा सरकारी नंबर दिवस-रात्र मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

सुरुवातीला शून्य ते दहाच्या पट्टीवर गेल्या आठवड्यातला त्रास विचारतात. चार किंवा जास्त आला की सविस्तर चौकशी करतात. बैठक ४५ ते ६० मिनिटांची असते. आजार पसरलेल्यांसाठी टोरांटोत बेतलेल्या एका पद्धतीत तीन ते सहा महिन्यांत तीन ते सहा बैठका पुरतात. केमोच्या तारखेला जोडून वेळ मागा, दुसरी खेप वाचते.

प्रश्न : स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेन चालू आहे. उदास वाटतं म्हणून ओळखीच्या डॉक्टरांनी पॅरॉक्सेटिन दिलंय. चालेल? (शाहूपुरी)

ऑन्कॉलॉजिस्टना आजच कळवा. यकृतातलं एक एन्झाईम टॅमॉक्सिफेनचं खरं काम करणारं रूप तयार करतं. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन तेच एन्झाईम अडवतात. व्हेन्लाफॅक्सिनसारखे पर्याय आहेत, त्यानं अंगातून येणाऱ्या गरम वाफाही कमी होतात. पण पॅरॉक्सेटिन एकदम बंद करू नका. चक्कर, घबराट, झोपमोड होते. ते हळूहळू उतरवायचं असतं आणि ते डॉक्टर ठरवतील. जाताना दोन्ही औषधांची पाकिटं सोबत न्या.