दिवाळीला डॉक्टरांनी सिस्टर्सना काय द्यावं?

तुम्ही विचारलंय की पन्नास खाटांच्या दवाखान्यात नुकतेच रुजू झालात, पहिलीच दिवाळी आहे, तर नर्सिंग स्टाफला काय द्यावं आणि माणशी किती खर्च करावा. मिरजेत एकतीस वर्षं सिस्टर म्हणून काढली, म्हणून लिहितेय.

डॉक्टर, जे काही द्याल ते स्वतः विकत घेऊन द्या. तुम्हाला आलेलं पुढे ढकलू नका. आम्हाला कळतं.

2008 ची दिवाळी. मी तेव्हा मेल सर्जिकलला, म्हणजे पुरुषांच्या ऑपरेशनच्या वॉर्डात होते. धनत्रयोदशीला दुपारी आमच्या सर्जनसाहेबांचा ड्रायव्हर एक खोकं घेऊन आला, नर्सिंग स्टेशनवर आदळलं आणि "साहेबांनी दिलंय" म्हणून निघून गेला. साहेब सकाळीच राऊंड घेऊन गेले होते, तेव्हा चकार शब्द नाही. खोक्यात नऊ डबे. वॉर्डात सिस्टर नऊच, पण तीन मावश्या आणि दोन वॉर्डबॉय होते, त्यांच्या नावाने काही नाही. त्यातली एक मावशी तिथेच ड्रेसिंगचे ट्रे धूत होती. तिने डबे मोजलेले मी पाहिले.

डबा उघडला. वरचं स्टिकर खरवडून काढलेलं, पण आतली चिठ्ठी काढायची राहून गेली होती. "आदरणीय डॉक्टरसाहेब, आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत," आणि खाली एका अँटिबायोटिकचं नाव. ते इंजेक्शन त्या महिन्यात आम्ही वॉर्डात उठता-बसता भरत होतो, म्हणजे सहकार्य कुणाचं होतं बघा. आणि काजूंना जाळी धरलेली.

दुसऱ्या दिवशी राऊंडला मी तो डबा चिठ्ठीसकट टेबलावर ठेवला. म्हटलं, "साहेब, तुमची चिठ्ठी चुकून आमच्याकडे आली." आरएमओ, म्हणजे वॉर्डातला निवासी डॉक्टर, खिडकीबाहेर बघायला लागला. साहेब हसले आणि म्हणाले, "सिस्टर, चिठ्ठ्या कोण वाचतं?" लेबल वाचल्याशिवाय अँप्युल फोडायचं नाही असं ज्यांनी आयुष्यभर आमच्यावर ओरडून सांगितलं, तेच हे विचारत होते. पण हे उत्तर मला घरी जाऊन भांडी घासताना सुचलं. तिथे मी नुसतीच उभी राहिले.

पुढच्या दिवाळीला डबे आले नाहीत. आमच्या इनचार्ज सिस्टरनी त्याचं खापर माझ्यावर फोडलं. "तुझ्या ताठ्यापायी नऊ जणींचं गेलं." रिटायर होईपर्यंत दर दिवाळीला हे ऐकलं. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे, की गेलं काय? जाळीचे काजू. 2009 च्या डिसेंबरात मेडिकल कौन्सिलने डॉक्टरांना औषध कंपन्यांच्या भेटी घ्यायला बंदी केली, 2024 मध्ये कंपन्यांसाठीही आचारसंहिता आली. डबे खरंच थांबलेत का, ते तुम्हीच तुमच्या टेबलाखाली बघून मला सांगा.

आता दुसरी बाजू. आमच्याकडे एक भूलवाल्या मॅडम होत्या. लक्ष्मीपूजनाच्या रात्री नऊच्या सुमारास स्वतः यायच्या, हातात घरच्या फराळाचे दोन मोठे स्टीलचे डबे. नाईटला तेव्हा बहुतेक केरळच्या आणि इथल्या ख्रिश्चन सिस्टर असायच्या, कारण आमचा ठरलेला अदलाबदलीचा व्यवहार होता. त्यांनी दिवाळीच्या नाईट करायच्या, आम्ही 24 डिसेंबरची. घरी लहान मूल नसलं की मीही थांबायचे. मॅडम पेपर पसरून बसायच्या, मावशीला हाक मारून शेजारी बसवायच्या, आणि मावशीच्या मुलाची दहावी कुठवर आली हे त्यांना ठाऊक असायचं. चकली बऱ्याचदा मऊ पडलेली असायची, खोटं कशाला बोलू. डबा रिकामा परत द्यायचा नाही म्हणून आम्ही त्यात पॅन्ट्रीतली साखर घालून द्यायचो. म्हणजे दवाखान्याचीच साखर, पण ते असो.

बजेटचं म्हणाल तर माणशी तीनशे-पाचशे पुष्कळ झाले. रकमेपेक्षा मोजणी नीट करा. मावशी, वॉर्डबॉय, झाडूवाले, गेटवरचे मामा, सगळ्यांना तेच आणि तेवढंच. पाकिटात रोख दिली तरी कुणी नावं ठेवणार नाही, फक्त पाकिटावर नाव लिहा, ते बरोबर लिहा आणि हातात द्या. साड्यांच्या भानगडीत पडू नका, रंगावरून वर्षभर ऐकाल. दवाखान्याचं नाव छापलेले चहाचे मग कुणाच्याच घरी वापरात नसतात. मिठाई टाळा, पन्नाशीच्या आम्ही निम्म्या जणी शुगरच्या गोळ्यांवर असतो. आणि वसुबारसेच्या आत द्या, नंतर अर्धा स्टाफ गावी गेलेला असतो.

भेट म्हणजे बोनस नव्हे, हेही मालकांच्या कानावर घाला. आमचा दवाखाना ट्रस्टचा होता. 1965 च्या बोनस कायद्यातून ना-नफा रुग्णालयं वगळलेली होती, त्यामुळे ते किमान 8.33 टक्के बोनसचं आम्ही फक्त साखर कारखान्यातल्या शेजाऱ्यांकडून ऐकायचो. तुमचा दवाखाना खाजगी असेल तर आधी बोनसचं बघा, मग सुका मेवा.

सरकारी दवाखान्यात असाल तर वरचं सगळं विसरा आणि अधीक्षकांना विचारा. तिथे 1979 चे वर्तणूक नियम आहेत, भेटींना मर्यादा असते.

आणखी एक, नाहीतर अन्याय होईल. हेच सर्जनसाहेब 2019 च्या महापुरात, सांगलीत पाणी शिरून पेशंट मिरजेकडे यायला लागले तेव्हा, तीन रात्री ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बाकड्यावर झोपले. घरून सगळ्या स्टाफसाठी भाकरी आणि ठेचा मागवला, मावश्यांना धरून. त्यांचा हात फार चांगला होता आणि माणूसही वाईट नव्हता. डब्याचं मात्र चुकलंच.

इनचार्ज सिस्टर परवा एका लग्नात भेटल्या. वय झालंय, काठी आलीय. जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारीच बसल्या आणि मसालेभातातला काजू बोटाने बाजूला सारत म्हणाल्या, "निवडून खाल्ले असते गं आपण."