मेंदूविकारांची उपकरणं बनवताना वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या संशोधकांना बळ का आणि कसं द्यावं?

ईईजीचंच (मेंदूतल्या विद्युत हालचालींच्या नोंदीचंच) बघा. इलेक्ट्रोड, म्हणजे संकेत टिपणारी छोटी चकती, डोक्याच्या त्वचेला नीट टेकला तरच मेंदूचे विद्युत संकेत स्वच्छ मिळतात. दाट, कुरळ्या केसांत तो नीट टेकणं अवघड जातं. माणसाचा पहिला ईईजी हान्स बर्गर यांनी १९२४ साली घेतला. पण घट्ट वेण्यांच्या मधे बसणारी इलेक्ट्रोडची क्लिप कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झाली ती अगदी अलीकडे, आणि ती सुचली स्वतःचे केस तसेच असलेल्या विद्यार्थिनीला!

अशा संशोधकांचं नुसत्या स्पर्धा-बक्षिसांनी भागत नाही (फोटो छान येतात, एवढंच). सुरुवातीचं भांडवल हवं, चाचणीसाठी रुग्णालयांची दारं उघडायला हवीत. पण माझ्या मते खरा दम निघतो तो उपकरणाच्या सरकारी मंजुरीच्या कागदपत्रांत. ते काम वर्षानुवर्षं चालू शकतं. घरची ऐपत नसलेल्याने तोवर खायचं काय?