वाचक विचारतात : परदेशी निघालात? आधी बॅग उघडा

या महिन्यात आलेल्या पत्रांत परदेशी निघालेल्या घरांची पत्रं बरीच होती. धास्ती एकच : 'तिकडे ड्रग्ज फार आहेत म्हणतात.' त्यांतल्या चार पत्रांना आमच्या पॅनेलवरच्या मानसोपचारतज्ज्ञ आणि व्हिसा सल्लागार यांनी मिळून उत्तरं दिली आहेत.

माझा मुलगा १८ वर्षांचा आहे. सप्टेंबरात तो टोरांटोजवळच्या कॉलेजात चालला आहे. तिथे गांजा दुकानात उघड मिळतो असं कळल्यापासून झोप लागत नाही. त्याच्याशी नेमकं काय बोलावं?
— एक आई, घोडबंदर रोड, ठाणे

ताई, तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. १७ ऑक्टोबर २०१८ पासून कॅनडात प्रौढांना गांजा कायद्याने मिळतो. पण प्रौढ कोण, हे प्रांत ठरवतो. अल्बर्टात १८, क्युबेकमध्ये २१ आणि बाकी सगळीकडे १९. म्हणजे तुमच्या मुलाला टोरांटो ज्यात येतं त्या ऑन्टारिओ प्रांतात १९ वर्षं पूर्ण होईपर्यंत तो विकत घेता येणार नाही आणि जवळही ठेवता येणार नाही. ही एकच गोष्ट मुलांना नीट माहीत नसते. 'कॅनडात चालतं' एवढंच कानावर गेलेलं असतं.

'चालतं' या शब्दात आणखीही खाचखळगे आहेत. प्रौढाला सार्वजनिक जागी जास्तीत जास्त ३० ग्रॅम सुका गांजा बाळगता येतो. देशाची सीमा ओलांडून तो नेणं किंवा आणणं मात्र गुन्हाच आहे. सुट्टीत घरी येताना कुणी खिशात गमतीने गमी (गांजा घातलेली चघळायची गोळी) ठेवली, तर मुंबई विमानतळावर आपला १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा लागतो. १८ वर्षांखालच्या मुलापुढे गांजाची सिगारेट सरकवणं हे तिथल्या कायद्यात 'वाटप' ठरतं आणि त्याला १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हॉस्टेलात पहिल्या वर्षाला १७ वर्षांची मुलंही असतात, हे त्याला आवर्जून सांगा. गाडीचं तर त्याहून वाईट. नशेत गाडी चालवण्याची कमाल शिक्षा डिसेंबर २०१८ पासून १० वर्षं झाली आणि त्यामुळे हा गुन्हा इमिग्रेशनच्या हिशेबात 'गंभीर' गटात गेला. कॅनडाचा नागरिक दंड भरून घरी जाईल. स्टडी परमिटवरच्या मुलाचं परमिटच धोक्यात येतं, आणि पुढचा पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवानाही.

आता तब्येतीचं. एकत्र स्वयंपाकघर असलेल्या घरात कुणाचंही चॉकलेट उचलून तोंडात टाकायची आपल्याकडची सवय तिथे सोडायला सांगा. गांजाच्या कायदेशीर पाकिटावर लाल अष्टकोनी चिन्ह असतं, त्यात पान आणि 'टीएचसी' (गांजातला नशा आणणारा घटक) ही अक्षरं. खायच्या पदार्थाच्या एका पाकिटात जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम टीएचसी असतं. बेकायदा पाकिटांना हा नियम नसतो आणि ती मुद्दाम लहान मुलांच्या गोळ्यांसारखी दिसतात. खाल्लेल्या गांजाचा परिणाम जाणवायला अर्धा ते दोन तास लागतात. नवखा माणूस तासभर वाट बघतो, 'काहीच होत नाही' म्हणून दुसरी गमी खातो, आणि मग दोन्ही एकदम चढतात. छाती धडधडते, भीती वाटते, उलट्या होतात. बहुतेक वेळा हे काही तासांत उतरतं, पण त्या अवस्थेतलं पोर घाबरून जिन्यावरून पडू शकतं.

खरं सांगायचं तर आमची मोठी काळजी गांजाची नाहीच, सुट्या गोळ्यांची आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री 'जागं ठेवणारी गोळी' किंवा 'झोपेची गोळी' मोबाइलवरच्या ओळखीतून मिळते. ती औषध कंपनीच्या गोळीसारखीच दिसते, पण बनावट असू शकते आणि तिच्यात फेंटानिल (अफूच्या जातीचं अतिशय तीव्र वेदनाशामक) असू शकतं. दोन मिलिग्रॅम फेंटानिलने माणूस दगावू शकतो; मिठाचे चार कण धरा. घरगुती साच्यात ते सारखं मिसळत नाही. म्हणून एकाच पुडीतली एक गोळी काही करत नाही आणि दुसरी जीव घेते. 'मित्राने घेतली, त्याला काही झालं नाही' याला इथे काडीचा अर्थ नाही. नियम सोपा ठेवा : फार्मसीतून स्वतःच्या नावाने आलेली नसेल, तर गोळी घ्यायची नाही.

आणि उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात फार्मसीतून नॅलॉक्सोनचं, म्हणजे फेंटानिलसारख्या औषधांचा असर उतरवणाऱ्या औषधाचं, किट घ्यायला सांगा. ऑन्टारिओत ते फुकट मिळतं, हेल्थ कार्डही लागत नाही. हे नाकात मारायचं औषध मित्रासाठी असतं, स्वतःसाठी नाही, कारण ज्याला गरज पडते तो शुद्धीवर नसतो. खुणा लक्षात ठेवायच्या : हलवून उठत नाही, श्वास अगदी मंद किंवा घरघरीचा, ओठ-नखं निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या. अशा वेळी ९११ ला फोन, मग माणसाला पाठीवर झोपवून मान किंचित मागे, नोझल पूर्ण नाकपुडीत आणि दट्ट्या एकदाच. स्प्रेत एकच डोस असतो. 'चालतोय का बघू' म्हणून हवेत मारला की संपला. दोन-तीन मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरा स्प्रे दुसऱ्या नाकपुडीत. मधल्या वेळात श्वास नसेल तर तोंडाने दर पाच सेकंदांनी एक श्वास. शुद्धीवर आला तरी त्याला एकटं सोडायचं नाही. नॅलॉक्सोनचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि फेंटानिल पुन्हा डोकं वर काढू शकतं. पोलिसांच्या भीतीने फोन टाळू नका म्हणावं. २०१७ च्या कायद्याने मदतीसाठी फोन करणाऱ्यावर केवळ जवळ बाळगल्याचा गुन्हा लावत नाहीत.

दुबईला नोकरी लागली, पुढच्या महिन्यात कुटुंबासह जातोय. बायकोला कंबरदुखीसाठी ट्रामाडॉलची आणि झोपेसाठी क्लोनाझेपामची गोळी चालू आहे. आई डिंकाचे लाडू आणि अनारसे देणार. सोसायटीतल्या काकू भाच्यासाठी एक पिशवी देतो म्हणतात. तिकडच्या ड्रग्जच्या वातावरणाची मुलांसाठी भीती वाटते.
— एक वाचक, नेरुळ

दादा, तिकडच्या वातावरणाआधी स्वतःच्या बॅगेची भीती बाळगा. तुम्ही सांगितलेल्या यादीतली एकही वस्तू बिनधास्त नाही.

लाडू आणि अनारशांपासून सुरू करू, कारण यावर कुणाचा विश्वास बसत नाही. अनारसे थापतात ते खसखशीवर आणि डिंकाच्या लाडवातही ती असतेच. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. बी स्वतः नशा देत नाही, पण त्याच्या सालीला बोंडाच्या चिकाचा अंश लागलेला असतो, आणि खसखस खाल्लेल्या माणसाची लघवी मॉर्फिनच्या चाचणीत पॉझिटिव्ह येऊ शकते. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. सौदी आणि सिंगापूरलाही तीच मनाई धरून चाला. आईंना म्हणावं, लाडवात तीळ घाला आणि अनारसेही तिळावर थापा. जुन्या बायका नाक मुरडतील, मुरडू द्या. मसाल्याची पाकिटंही उलटून घटक वाचा. आयुर्वेदिक चूर्णांचं तसंच. पोट बिघडलं की घेतात ते जातीफलादी चूर्ण, त्यात भांग असते. घटकांत 'विजया' लिहिलं असेल तर ती भांगच.

ट्रामाडॉल आपल्याकडेही २०१८ पासून एनडीपीएस कायद्याखाली आहे. अमिरातीत ते, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम आणि मज्जातंतूंच्या दुखण्यावर सर्रास लिहिलं जाणारं प्रेगाबालिन, ही नियंत्रित औषधं आहेत. न्यायची तर निघण्यापूर्वी तिथल्या सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. अर्जाला डॉक्टरांचं इंग्रजी पत्र लावा. त्यात ब्रँडचं नव्हे, औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, एकूण गोळ्या किती आणि आजार कोणता, हे सगळं हवं. रुग्णाचं नाव पासपोर्टात आहे तसंच लिहून घ्या. 'सौ. पाटील' अशा चिठ्ठीवर अर्ज अडकतो. गोळ्या मूळ पट्टीत, बिलासह, हातातल्या बॅगेत. आठवड्याच्या रंगीत डबीत काढून ठेवल्यात तर कुठली गोळी कुठली, हे तुम्हाला सिद्ध करता येणार नाही.

'मग गोळ्याच बंद करू' असं मात्र ठरवू नका. क्लोनाझेपाम रोज घेणाऱ्याने एकदम सोडलं तर झोप उडते, हात थरथरतात, फीटही येऊ शकते. ट्रामाडॉलही बऱ्याच महिन्यांनंतर झटक्यात सोडता येत नाही. ती आठवड्या-आठवड्याने उतरवावी लागतात आणि तुमच्या हातात एकच महिना आहे. तेव्हा आजच डॉक्टरांना भेटा, परवानगीचा अर्ज टाका, आणि ट्रामाडॉलऐवजी दुसरं साधं औषध चालेल का ते विचारा.

काकूंची पिशवी नको. काकू भल्या असतीलच, पण त्यांना ती कुणी दिली, हे तुम्हाला ठाऊक नसतं. २०१९ मध्ये मुंबईचं एक जोडपं नातेवाइकाने दिलेल्या पिशवीत सुमारे चार किलो चरस निघाल्याने दोह्यात पकडलं गेलं. दहा वर्षांची शिक्षा झाली. निर्दोष सुटून घरी यायला २०२१ उजाडलं. टॅग तुमच्या नावाचा, म्हणजे माल तुमचा. नाही म्हणायला जड जात असेल तर 'वजन भरलं' हे कारण पुरतं.

आणखी एक : अमिरातीत रक्तात किंवा लघवीत सापडलेला अंशही गुन्हा ठरू शकतो, मग सेवन कुठेही झालेलं असो. रोज गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत तो महिनाभरही राहतो. घरात कुणाचं गोव्याचं वगैरे ठरत असेल तर बोलून ठेवा.

आम्ही मुलीसह (१४) नेदरलँड्सला जातोय. तिथल्या शाळेत काय बघावं?
— खारघर

तिथे गांजा कायदेशीर नाही, त्याकडे कानाडोळा केला जातो : १८ वर्षांवरच्यांना कॉफी शॉपमध्ये पाच ग्रॅमपर्यंत. 'कॉफी शॉप' म्हणजे कॉफीचं दुकान नव्हे, एवढं मुलीला पहिल्याच दिवशी सांगा. दारातच वय विचारतात. शाळकरी मुलांत वेप आणि लाफिंग गॅस (नायट्रस ऑक्साइड, हा फुग्यात भरून हुंगतात) यांच्याकडे लक्ष ठेवा. गॅसवर जानेवारी २०२३ पासून तिथे बंदी आहे, तरी फुगे आणि बोटाएवढ्या चंदेरी नळकांड्या दिसल्या तर समजून घ्या. सतत घेतल्याने शरीरातलं बी-१२ निकामी होतं आणि पाय बधिर पडतात. शाकाहारी मुलीचं बी-१२ आधीच कमी असू शकतं, म्हणून तिच्या बाबतीत हे जास्त गंभीर.

धाकटा भाऊ ब्राउन शुगर (भेसळीचं हेरॉइन) सोडून १४ महिने झाले. व्यसन सुटलेलं राहावं म्हणून जिभेखाली ठेवायची बुप्रेनॉर्फिनची गोळी चालू आहे. वहिनी टोरांटोत नोकरीला आहे, तो आता तिच्याकडे जाणार. नवीन देशात पुन्हा घसरला तर?
— ऐरोली

भीती रास्त आहे, आणि धोका नेमका स्थलांतराच्या त्या पंधरवड्यात असतो : इथली गोळी संपली आणि तिथला डॉक्टर अजून मिळाला नाही. गोळी बंद, अंगदुखी सुरू, आणि शरीराची जुनी सहनशक्ती उरलेली नाही. त्यात तिथल्या रस्त्यावर मिळतं ते ब्राउन शुगर नसतं, फेंटानिल असतं. पूर्वीच्या मापाने घेतलं तर पहिल्याच वेळी जीव जाऊ शकतो.

व्यसनमुक्ती केंद्राकडून उपचारांचा सारांश आणि डोस लिहिलेलं पत्र घ्या. कॅनडात स्वतःसाठी असं औषध जास्तीत जास्त ३० दिवसांपुरतं, मूळ वेष्टनात नेता येतं. तिकीट काढताना बघा, विमान दुबई किंवा अबुधाबीत थांबत असेल तर तिथलाही कायदा लागू होतो. थेट किंवा युरोपमार्गे जाणारं चार पैसे महाग पडलं तरी घ्या. व्हिसाच्या अर्जात विचारलेलं लपवू नका. खोटी माहिती सापडली तर पाच वर्षं कॅनडाचं दार बंद. निघेपर्यंत काही अडलं तर १४४४६ ही केंद्र सरकारची फुकट हेल्पलाइन आहे. टोरांटोत 'रॅपिड अ‍ॅक्सेस अ‍ॅडिक्शन मेडिसिन' नावाची क्लिनिक्स आहेत, तिथे दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. वहिनींना तो निघण्याआधीच घराजवळच्या क्लिनिकच्या वेळा विचारून ठेवायला सांगा, आणि पोहोचल्यावर पट्टीत निदान पंधरा गोळ्या शिल्लक असतानाच त्याची पहिली भेट होऊ द्या.