कूलरसाठी बोर्ड सरकवायचा आहे, वायर कमी पडते

बोर्ड दीड-दोन फूट खिडकीकडं सरकवायचा, जुन्या वायरीला जोड द्यायचा, टेप मारायची आणि वरून प्लास्टर, असं तुम्ही विचारलंय. प्लास्टरखाली जोड अजिबात गाडू नका.

वाईट जोड एमसीबीला (जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच) कळतच नाही. पाणी तापवायचा 1500 वॅटचा रॉड साधारण साडेसहा अँपिअर ओढतो. जोड ढिला होऊन तिथं अर्धा ओहम रोध आला, तर त्या एका ठिकाणी 21 वॅट उष्णता तयार होते, म्हणजे सोल्डरिंगची लहान इस्त्री भिंतीत चालू ठेवल्यासारखंच. एमसीबीला मात्र तेच साडेसहा अँपिअर दिसतात, तो पडेल कशाला? त्यात परभणी-नांदेडकडच्या एप्रिल-मेमध्ये पश्चिमेची भिंत आधीच तापलेली. टेपचा गोंद पाघळतो, टेप उलगडते.

भिंतीतला वायरीचा पाइप मोकळा असेल तर जोड टाळाच. जुन्या वायरीच्या टोकाला नवी अखंड वायर बांधा, गाठ टेपनं निमुळती करा, थोडी टाल्कम पावडर लावून एकानं ओढायची, दुसऱ्यानं सारायची. 16 अँपिअरच्या सॉकेटला 2.5 चौ. मिमी तांब्याची वायर.

ओढताच येत नसेल, तर जुन्या बोर्डाचा बॉक्स जागेवरच ठेवा, जोड त्यातच करा आणि वर स्विच-सॉकेट नसलेली कोरी प्लेट लावा. झाकण कायम उघडता आलं पाहिजे. कसंही करा, आधी टेस्टर चालू सॉकेटवर तपासून घ्या, मग मेन बंद, इन्व्हर्टरही बंद, आणि टेस्टर प्रत्येक तारेला लावा. लीव्हर कनेक्टर (खटका लावला की वायर पकडणारा) वापरा. त्यावर छापलेलं असेल तेवढंच इन्सुलेशन सोला, बहुतेकांवर 11 मिमी असतं. एकही तंतू बाहेर राहू नये. प्रत्येक वायर ओढून बघा. स्क्रूची कनेक्टर पट्टी असेल तर टोकाला फेरूल (तंतू एकत्र धरणारी धातूची छोटी नळी) दाबा, नाहीतर स्क्रू तंतू कापतो. जुनी वायर ॲल्युमिनियमची निघाली तर तिला तांबं पिळू नका, ती लाइनच बदला.

हिरवी अर्थिंगची वायर नवीन बोर्डापर्यंत नेलीच पाहिजे. लोक नेमकी तीच सोडतात. पत्र्याचा कूलर, आत पाणी आणि अर्थिंग नाही, यानं आपल्याकडं दर उन्हाळ्यात माणसं जातात. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर याच कामात बसवून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी टाकत राहा.

काम झालं की बोर्डवर अर्धा तास रॉड चालवा, मेन आणि इन्व्हर्टर बंद करा, टेस्टरनं खात्री करून प्लेट उघडा आणि कनेक्टरला हात लावा. वायरीपेक्षा कनेक्टर जास्त गरम लागला तर तो जोड पुन्हा करा.